साखळीचा आकडा आणि सिंहगडचा दोर



मुलांच्या खेळांविषयी वडीलधाऱ्यांत बोलणे निघाले की ते हल्ली बहुधा तक्रारीच्या सुरातच संपते. भोपाळच्या बिट्टन मार्केटात भाजीच्या पिशव्या सांभाळीत उभे असलेले मराठी पालकही हेच म्हणतात, की मुलगा पडद्यासमोरून हलत नाही. तक्रारीत तथ्य आहे. परंतु ज्या वस्तूला नावे ठेवावयाची ती आधी नीट पाहावी, हाही न्यायच होय. म्हणून अशाच एका खेळातील एका साधनाविषयी माझे मत येथे मांडतो.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८६ साली ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ ही साहसी व्हिडिओ गेमांची मालिका सुरू केली. तिच्या १९९१ सालच्या भागात नायक लिंक याच्या हाती ‘हुकशॉट’ नावाचे साधन आले. मुठीत धरावयाचा दांडा, आत साखळी आणि टोकाला अणकुचीदार आकडा, अशी त्याची रचना. नेम धरून सोडला की आकडा समोरच्या वस्तूत रुततो आणि साखळी नायकाला दरीपलीकडे ओढून नेते. १९९८ च्या भागात ही साखळी पुढे दुप्पट लांब होते. २००६ च्या भागात तर दोन्ही हातांना दोन आकडे मिळतात व जमिनीला पाय न लावता या भिंतीवरून त्या भिंतीवर जाता येते.

या साधनाची खरी गंमत मात्र त्याच्या मर्यादेत आहे. लाकूड किंवा तशी खूण असेल तेथेच ते धरते. गुळगुळीत दगडावर मारल्यास खणकन आवाज करून परत येते. त्यामुळे खेळणाऱ्यास आधी दालनभर दृष्टी फिरवावी लागते. पकड कोठे मिळेल हे हेरण्याची ही सवय चांगली आहे, आणि तेवढ्यापुरता मी या खेळाचा पक्षपाती आहे.

दोष आहे तो पुढेच. खेळातील प्रत्येक खूण कोणीतरी आपल्यासाठी आधीच ठोकून ठेवलेली असते. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी ज्या गाइडावर विसंबतात त्याची जात हीच नव्हे काय? नेमका तोच प्रश्न आला तर आकडा रुततो. प्रश्न थोडा फिरवून विचारला की खणकन परत येतो. मग विद्यार्थी अधिक लांब साखळीचे गाइड शोधू लागतो!

साधनाला अवास्तव श्रेय देण्याची खोड केवळ आजच्या मुलांची नाही. सिंहगडची कथा पाहा. कोंढाणा १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आपल्या मावळ्यांसह त्याचा कडा चढून गेले. कसे चढले, असे कोणत्याही मराठी मुलास विचारा. उत्तर येईल, ‘यशवंती घोरपडीला दोर बांधून.’ ही घोरपड तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने घरोघर पोचविली. परंतु त्या मानाने जुन्या अशा सभासदाच्या बखरीत ती नाही. तेथे निवडक दोन मावळे वानरांप्रमाणे कडा चढून जातात, आणि त्यांनी वरून सोय केल्यावर बाकीचे लोक चढतात. घोरपड लक्षात राहिली. ते दोघे मात्र विस्मरणात गेले. वर कोणी खूण ठोकून ठेवलेली नसताना, अंधारात हातापायांनी चाचपीत त्यांनी कड्याची पकड शोधली, हे मला घोरपडीहून कितीतरी अद्भुत वाटते.

याच कथेत दोराविषयी आणखी एक गोष्ट परंपरेने सांगितली जाते. तानाजी पडले, मावळे पळू लागले, तेव्हा सूर्याजींनी त्यांना बजावले की दोर कापून टाकले आहेत. आता लढा, नाहीतर कड्यावरून उड्या घ्या. ‘परतीचे दोर कापणे’ हे आपण नित्य बोलतो त्याचे मोल येथे कळते. ज्या दोराने माणूस वर चढला त्याच दोराने तो पळूनही जाऊ शकतो. चढविणे एवढेच साधनाचे काम. वर टिकून राहणे हे माणसाचे. पडद्यावरचा नायक कितीदाही पडला तरी खेळ पुन्हा सुरू होतो, म्हणून हा धडा तेथे मिळत नाही.

कौतुकाची गोष्ट अशी, की खेळ रचणाऱ्यांनाही यातील काही उमगले असावे. या मालिकेच्या २०१७ सालच्या भागात हुकशॉट नाहीच. नायक जवळजवळ कोणताही कडा हातांनी चढतो. दम संपला की खाली येतो, पाऊस लागला की घसरतो. ठोकलेल्या खुणांची वाट पाहणे सुटले आणि आपल्या दमाचा अंदाज घेणे आले. आमच्या कोकणी मुलखात माडावर चढणाऱ्या पाडेल्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. पायांतला फास त्याला उपयोगी पडतो खरा, पण झावळ्यांपर्यंत त्याला नेतो तो त्याचा सराव.

तेव्हा पालकांस माझे सांगणे एवढेच, की खेळ हिसकावून घेण्याआधी मुलाला विचारा, ‘तुझा आकडा कोठे रुतत नाही, आणि तेथे तू काय करतोस?’ उत्तर ऐकण्यासारखे असेल. मग सुट्टीच्या दिवशी त्याला जवळच्या रायसेनच्या किल्ल्यावर न्या व चांगल्या पायवाटेनेच वरपर्यंत चालवा. आणि विद्यार्थ्यांनो, साधने अवश्य वापरा, गाइडही वाचा. परंतु धडा एकदा कोणाच्याही आधारावाचून स्वतः वाचून काढा. गड घोरपडीने घेतला नाही, आणि तुमचा गडही तुम्हांलाच घ्यावयाचा आहे.