अ‍ॅपमधली पाळी आणि अंगातली पाळी

विद्यापीठांतील विद्यार्थिनींनी मासिक पाळीची नोंद मोबाइल अ‍ॅपमध्ये ठेवावी, अ‍ॅप सांगेल तोच दिवस प्रमाण मानावा, आणि विद्यापीठांनीही एखादे अ‍ॅप अधिकृत करून हजेरीतील सवलत त्याला जोडून टाकावी, म्हणजे कुजबुज संपून विज्ञान सुरू होईल, असे प्रतिपादन अलीकडे मोठ्या उत्साहाने केले जाते. या पक्षाच्या लेखी वही मागासलेली, आठवण फसवी, डॉक्टर महागडा आणि अ‍ॅप तेवढे बिनचूक. हा बिनचूकपणाचा दावा सर्वांत घातक असल्यामुळे त्याचा समाचार आधी घ्यायला हवा.

पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंतच्या काळाला चक्र म्हणतात, आणि केवळ तारखांवर चालणाऱ्या अ‍ॅपचे गणित मुख्यतः मागील चक्रांच्या सरासरीवर उभे असते. एखाद्या विद्यार्थिनीची चार चक्रे 26, 28, 35 आणि 31 दिवसांची झाली, तर सरासरी 30 येते आणि पुढच्या पाळीसाठी गुलाबी वर्तुळ त्या हिशेबाने उमटते. प्रत्यक्षात तिचे एकही चक्र 30 दिवसांचे नव्हते. त्याच सरासरीतून 14 वजा करून अंडोत्सर्ग, म्हणजे बीजांडकोशातून बीज बाहेर पडणे, सोळाव्या दिवशी होईल असे सांगितले जाते. वस्तुतः अंडोत्सर्गानंतरचा काळ बव्हंशी दोन आठवड्यांच्या आसपास राहतो आणि चढउतार मुख्यतः त्याआधीच्या काळात होतो, त्यामुळे अंडोत्सर्ग 26 दिवसांच्या चक्रात बाराव्या आणि 35 दिवसांच्या चक्रात एकविसाव्या दिवसाच्या सुमारास झालेला असणार. परीक्षेचा ताण, मेसचे जेवण घशाखाली उतरत नाही म्हणून चहा-बिस्किटांवर काढलेले आठवडे, झपाट्याने घटलेले वजन, पीसीओडी हा बीजांडकोशाचा विकार, हे सारे या पूर्वार्धातच ढवळाढवळ करते, आणि विद्यार्थिदशेत यांतले बरेच काही एकाच वेळी वाट्याला येते.

1920च्या दशकात जपानचे क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी केलेल्या संशोधनातून जी कॅलेंडर पद्धत रूढ झाली, ती सरासरीच्या वाटेला जात नाही; अनेक महिन्यांच्या नोंदींतील सर्वांत लहान चक्रातून 18 आणि सर्वांत मोठ्यातून 11 वजा करून ती गर्भधारणेचा संभव असलेले दिवस काढते. वरील विद्यार्थिनीला हेच गणित लावले, तर ते दिवस 8 ते 24 असे निघतात, आणि हेच दिवस दाखवणारा अ‍ॅपमधला सरासरीवरचा हिरवा पट्टा मात्र 11 ते 16 एवढाच उरतो. जुने कागदी गणित अनिश्चितता पदरात घेते, तरीही केवळ त्याच्यावर गर्भनिरोधासाठी विसंबणे धोक्याचेच ठरते. मग ती अनिश्चितता झाकून ठेवणाऱ्या पट्ट्यावर विसाव्या वर्षीच्या मुलीने विश्वास ठेवावा, हा सल्ला बेजबाबदार आहे. शरीराच्या तापमानाचा आधार घेणारी अ‍ॅपही आहेत खरी, परंतु ते तापमान रोज पुरेशा झोपेनंतर, अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजावे लागते, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री झोप असते कुठे?

हा पक्ष नवा नाही. वसतिगृहात सॅनिटरी पॅडचे यंत्र बसवले की प्रश्न मिटला, असे याच थाटात सांगितले जात होते, आणि यंत्रात पॅड कोण भरणार, अडकलेले नाणे कोण काढणार, स्वच्छतागृहात पाणी येते का, हे विचारणाऱ्यांना प्रगतीचे शत्रू ठरवले जात होते. उपकरण आले की माणसाची जबाबदारी संपते, ही समजूत तेव्हाही खोटी होती.

गोपनीयतेबद्दल एवढेच सांगणे पुरे, की वापरणाऱ्यांची आरोग्यविषयक माहिती फेसबुक आणि गूगलसारख्या कंपन्यांच्या सेवांना पुरवल्याच्या आरोपावरून 'फ्लो' या अ‍ॅपच्या कंपनीला 2021 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करावी लागली. हजेरीचे म्हणाल, तर कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने जानेवारी 2023 मध्ये विद्यार्थिनींना 2 टक्क्यांची सूट सरसकट दिली. तारखेचा पुरावा मागणे म्हणजे मुलीच्या अंगावर पाळत ठेवणे होय.

तरीही नोंद ठेवावी, हे निःसंशय. 'शेवटची पाळी कधी आली?' हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर वहीत असो वा माहिती फोनबाहेर न पाठवणाऱ्या अ‍ॅपमध्ये, ते हाताशी हवे. पहिली तारीख, रक्तस्रावाचे दिवस, रोज बदललेले पॅड, दुखण्याची तीव्रता आणि घेतलेली गोळी इतके लिहिले तरी पुष्कळ झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असलेल्या देशात पॅडची संख्या पुढच्या तारखेच्या भाकितापेक्षा मोलाची आहे. तासाभरात पॅड भिजत असेल, स्राव सात दिवसांपलीकडे लांबत असेल किंवा तीन महिने पाळीच आली नसेल, तर ती नोंद घेऊन दवाखाना गाठावा, आणि विद्यापीठाला खर्च करायचाच असेल तर तो आपल्या आरोग्यकेंद्रात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ बसवण्यावर करावा.