नालीतला विस्तव

आमच्या अमडापूरसारख्या गावात साचलेल्या नालीतून बुडबुडे येताना तुम्ही पाहिले असतील. हवा न पोहोचणाऱ्या गाळात जिवाणू घाण कुजवतात आणि मिथेन तयार होतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून हा वायू मिळवून दिवे लावले होते.

मिथेन वाढवायचा तर नुसती मोठी टाकी बांधून भागत नाही. जिवाणूंना जपावे लागते, असे माझे मत आहे. त्यांना सुमारे ३५° सेल्सिअस तापमान मानवते. थंडीत ते मंदावतात. म्हणून टाकी जमिनीत, उन्हाच्या जागी असावी. शिवाय ते सावकाश वाढतात. पाण्याबरोबर गाळ वाहून गेला की जिवाणूही जातात. म्हणून पाणी तळातून हळूहळू वर न्यावे. जड गाळ खालीच राहतो. हॉलंडमध्ये लेटिंगा यांनी १९७० नंतरच्या दशकात हीच युक्ती यशस्वी केली.

ज्या घाणीच्या ऑक्सिडीकरणास १ किलो ऑक्सिजन लागतो, तिच्यापासून जास्तीत जास्त ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. त्याची सर्व उष्णता वापरता आली तर २५° चे सुमारे ४० लिटर पाणी उकळीला येईल. गणित करून पाहा! उघड्या नालीतून हाच मिथेन हवेत जातो आणि कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी पृथ्वी तापवतो. तो चुलीतच जळायला हवा.