विश्लेषण : सीबी रेडिओ अमेरिकेत बिनधास्त, भारतात अडलेला... एकाच डबीला इतके कायदे का?

समजा, अमेरिकेतल्या एखाद्या ट्रक स्टॉपवरून शंभरेक डॉलरचा सीबी रेडिओ घेतला. तिथे तो गाडीत बसवून, छतावर अँटेना लावून लगेच बोलता येते. परवाना नाही, नोंदणी नाही, परीक्षा नाही. तोच रेडिओ बॅगेत टाकून ब्रिटनला नेला, तर आज चालेल, पण १९८० साली चालला नसता. ऑस्ट्रेलियात नेला, तर हायवेवर त्यावर उत्तर देणारा जवळजवळ कुणी भेटणार नाही. जपानमध्ये तो बेकायदा ठरेल. आणि मुंबईत उतरून पुणे एक्स्प्रेस-वेवर गाडीच्या टपावर अँटेना लावून सुरू केला, तर नियमाच्या एका ओळीत तो अडकेल. ती ओळ कोणती आणि ती बदलण्याची गरज का आहे, हे समजण्यासाठी आधी बाकीच्या देशांत काय चालते ते पाहावे लागेल.

सीबी म्हणजे नेमके काय?

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य नागरिकांसाठी सोडलेला रेडिओ लहरींचा पट्टा. पोलिसांचा वायरलेस वेगळा आणि परीक्षा देऊन परवाना मिळवणाऱ्या हौशी 'हॅम' मंडळींचे चॅनेल वेगळे. सीबी २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. मधे टॉवर नाही, सिम नाही, रिचार्ज नाही. बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. एका वेळी एकानेच बोलायचे आणि त्या चॅनेलवर असलेल्या सगळ्यांनी ऐकायचे. खासगी असे इथे काहीच नसते.

अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झचा हा पट्टा १९५८ मध्ये खुला झाला, पण त्याला खरे दिवस आले ते तेलसंकटामुळे. १९७३ च्या संकटानंतर इंधन मिळेना आणि वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली. डिझेल कुठल्या पंपावर आहे आणि पोलीस कुठे दबा धरून आहेत, हे ट्रकवाले एकमेकांना सीबीवरून सांगू लागले. पुढे ही हौस ट्रकवाल्यांपुरती राहिली नाही. तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही सीबीवर स्वतःसाठी टोपणनाव घेतले होते, 'फर्स्ट मामा'. मराठी वाचकाला हसू येईल, कारण आपल्याकडे रस्त्यावरचा 'मामा' म्हणजे वाहतूक पोलीस, आणि अमेरिकी ट्रकवाले सीबीवर सावध करायचे ते नेमके त्याच्याचपासून.

गर्दी इतकी झाली की १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल २३ वरून ४० करावे लागले. २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ हे ४० चॅनेल तिथे आजही तसेच आहेत. १९८३ मध्ये वैयक्तिक परवान्याची अट गेली. मात्र 'परवाना नको' म्हणजे 'नियम नाहीत' असे नव्हे. एएम पद्धतीत ४ वॅट आणि एसएसबी पद्धतीत १२ वॅट ही मर्यादा आहे. ताकद वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर जोडणे बेकायदा आहे. चॅनेल ९ आणीबाणी आणि प्रवाशांच्या मदतीसाठी राखीव आहे. एका दमात पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलता येत नाही, त्यानंतर किमान एक मिनिट थांबावे लागते. ट्रकवाल्यांची वर्दळ असते ती चॅनेल १९ वर. शेजारी कॅनडात याच सेवेचे सरकारी नाव जनरल रेडिओ सर्व्हिस असे आहे, पण चॅनेल तेच असल्याने सीमा ओलांडताना रेडिओ बदलावा लागत नाही.

ब्रिटनने काय चूक केली?

ब्रिटनची गोष्ट भारतासाठी जास्त बोलकी आहे. तिथे १९७० च्या दशकात अमेरिकी एएम रेडिओ चोरवाटेने येऊ लागले. सरकारने आधी बंदी रेटली. लोक ऐकेनात, तेव्हा २ नोव्हेंबर १९८१ रोजी सीबी कायदेशीर केला, पण अमेरिकी पट्टा सोडून २७.६ मेगाहर्ट्झच्या पुढे आणि तोही फक्त एफएमवर. म्हणजे लोकांच्या गाड्यांत आधीच बसलेले रेडिओ कायद्याबाहेरच राहिले. युरोपात चालणारे चॅनेल एफएमवर वापरायला परवानगी मिळाली १९८७ मध्ये, परवान्याची अट गेली डिसेंबर २००६ मध्ये आणि एएम, एसएसबीला होकार मिळाला २०१४ मध्ये. तोवर बहुतेकांच्या खिशात स्मार्टफोन आला होता. लोक वापरत असलेल्या गोष्टीशी कायद्याने जुळवून घ्यायला तेहतीस वर्षे घेतली.

युरोपात आता बऱ्यापैकी एकवाक्यता आहे. ४० सामायिक चॅनेल, एफएम आणि एएमसाठी ४ वॅट, एसएसबीसाठी १२ वॅट. तरी खाचखळगे आहेतच. जर्मनीत या ४० शिवाय आणखी ४० चॅनेल एफएमवर मिळतात, पण सीमा ओलांडली की ते जादाचे चॅनेल वापरता येतीलच असे नाही. पोलंडमध्ये ट्रकवाले चॅनेल १९ वरच बोलतात, पण त्यांचे १९ म्हणजे २७.१८० मेगाहर्ट्झ आणि इतरांचे २७.१८५. फरक फक्त पाच किलोहर्ट्झचा, पण आवाज फाटका येतो. नवखा माणूस तेवढ्यावरून रेडिओ बिघडला म्हणून दुकान गाठतो.

ऑस्ट्रेलियाने शहाणपणा दाखवला तो वेगळ्याच ठिकाणी. २७ मेगाहर्ट्झचा सीबी तिथेही आहे, पण रस्त्यावर चालतो तो ४७६ ते ४७७ मेगाहर्ट्झमधला यूएचएफ सीबी. ८० चॅनेल, ५ वॅट, वैयक्तिक परवाना नको. हायवेवर चॅनेल ४०, आणीबाणीला ५ आणि ३५. ओसाड भागात साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांबीच्या 'रोड ट्रेन' धावतात. त्यांना ओलांडायचे असेल तर मागचा कारवाला चॅनेल ४० वर विचारतो आणि पुढचा ट्रकवाला 'ये, रस्ता मोकळा आहे' असे सांगतो. तिथे नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या आणि मैलोन्‌मैल गाडी चालवणाऱ्या मराठी तरुणांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेतून किंवा युरोपातून स्वस्त वॉकीटॉकी मागवू नये, त्यांचे चॅनेल तिथे कायदेशीर नाहीत. जपानची तऱ्हा आणखी वेगळी. नागरिकांसाठी फक्त ८ चॅनेल आणि ताकद जेमतेम अर्धा वॅट, म्हणजे अमेरिकी रेडिओच्या एक अष्टमांश.

भारतात घोडे कुठे अडते?

भारतात सीबीला बंदी आहे, असा अनेकांचा समज आहे. तो चूक आहे. २००५ मध्ये केंद्राने नियम काढून २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त केला. ताकदीची मर्यादा ५ वॅट, म्हणजे अमेरिकेच्या एएम मर्यादेपेक्षा किंचित जास्तच. अमेरिकी ४० चॅनेलपैकी पहिले २७ या पट्ट्यात बसतात. त्यात ९ आणि १९ हे दोन्ही महत्त्वाचे चॅनेल आले. पुढचे १३ मात्र पट्ट्याबाहेर पडतात, म्हणजे ४० चॅनेलचा परदेशी रेडिओ इथे तसाच वापरला तर चुकून नियम मोडू शकतो.

इथपर्यंत ठीक. पण नियमात अँटेनाबद्दल एक अट आहे. ती उपकरणातच अंगभूत असली पाहिजे. टपावर, आरशाच्या दांडीवर किंवा घराच्या गच्चीवर वेगळी अँटेना लावली, की सवलत संपते.

वाचायला किरकोळ वाटते, पण सीबीचा सगळा जीव अँटेनात असतो. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर. अँटेना नीट चालायला तिच्या पाव भागाइतकी, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास लांबी लागते. ट्रकवर लावतात ती मीटर-दीड मीटरची असते आणि कमी पडलेली लांबी गुंडाळीने, म्हणजे कॉइलने भरून काढतात. हातातल्या उपकरणावर वीतभर अँटेना असेल तर ५ वॅटमधला मोठा हिस्सा वाया जातो. वर ट्रकची केबिन पत्र्याची, त्यामुळे आत बसून बोलले की उरलेला सिग्नलही पत्रा अडवतो. टपावरच्या अँटेनाने जिथे मोकळ्या रस्त्यावर काही किलोमीटर गाठता येतात, तिथे मागेपुढे चालणाऱ्या दोन गाड्यांपुरतेच काय ते जमते. थोडक्यात, वापरायची मुभा आहे, पण उपयोग होईल अशा रीतीने वापरायची नाही. यापेक्षा सरळ 'नाही' म्हटले असते तर निदान प्रामाणिकपणा तरी दिसला असता.

उपकरण परदेशातून आणायचे तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता, म्हणजे ईटीए, हाही मुद्दा येतो. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा पाठवल्या आणि अशा विक्रीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही काढल्या, त्या याच कारणाने. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालते, परवाना लागतो की नाही, मान्यता आहे का, हे न सांगताच वस्तू विकली जात होती. ग्राहक 'खेळण्यातला वॉकीटॉकी' समजून घेतो आणि तो पोलिसांच्या चॅनेलपर्यंत पोहोचणारा निघतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनडियन महिलेला उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे छोटे उपकरण बाळगल्याबद्दल कारवाईला सामोरे जावे लागले. ते उपकरण सीबी नव्हे, त्याचा कायदाही वेगळा. पण 'माझ्या देशात हे दुकानात मिळते' या उत्तराचा इथे उपयोग होत नाही, हे त्यातून दिसले.

सरकारी बाजूने एक आक्षेप रास्त आहे. सुरक्षेचे काय? परंतु सीबी लपूनछपून बोलायचे साधन नाही. त्यात सांकेतिक कुलूप नसते, तीस-चाळीस डॉलरचा रिसीव्हर असलेला कुणीही ते ऐकू शकतो. लपवून बोलायचे असेल त्याला फोनमधले साधे मेसेजिंग अ‍ॅप कितीतरी सोयीचे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आता फोन आहेत, नकाशाची अ‍ॅप आहेत, मग सीबी हवाच कशाला? अमेरिकेतही नव्या पिढीचे अनेक ट्रकचालक तो बसवत नाहीत आणि चॅनेल १९ वरच्या शिवीगाळीला कंटाळून काहींनी काढूनही टाकला. हे खरेच आहे. पण फोनला माहीत असलेल्या माणसालाच फोन लावता येतो. घाटात दरड कोसळली, रेंज गेली आणि समोरून वळणावर एक अनोळखी टँकर उतारावर येतो आहे, तर त्याच्या चालकाचा नंबर कुणाकडे असणार? त्या वेळी उपयोगी पडते ते 'आसपासच्या सगळ्यांना' ऐकू जाणारे साधन. सह्याद्रीत पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

बदल करायचा तर तो फार मोठा नाही. गाडीवरच्या बाहेरच्या अँटेनाला लांबीची मर्यादा घालून मुभा द्यावी आणि हायवेसाठी एक चॅनेल जाहीर करावे. नाहीतर ऑस्ट्रेलियासारखा यूएचएफचा मार्ग धरावा. तिथे पाव लहरीची अँटेना सोळा सेंटिमीटरच्या आसपास बसते, त्यामुळे लांब काठीचा प्रश्नच मिटतो. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा वॉकीटॉकीसाठी परवानामुक्त आहेच, सुरुवात तिथूनही करता येईल.

जिथे कायदेशीर आहे तिथे बसवताना काय पाहावे?

पहिली गोष्ट वीज. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतली तर इंजिनची घरघर आवाजात मिसळते. थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून वायर ओढणे उत्तम. कारची बॅटरी १२ व्होल्टची असते, पण मोठे ट्रक बहुधा २४ व्होल्टवर चालतात. मधे कन्व्हर्टर न लावता जोडणी केली तर रेडिओ पहिल्याच मिनिटाला जळू शकतो.

दुसरी गोष्ट अँटेनाची जागा. छताचा मध्य सर्वात चांगला, कारण खालचा पत्रा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणून काम करतो. फायबरच्या टपावर म्हणूनच साधी अँटेना नीट चालत नाही.

तिसरी आणि हमखास टाळली जाणारी गोष्ट म्हणजे एसडब्ल्यूआर मोजणे. रेडिओने पाठवलेल्या ताकदीपैकी किती परत उलटते आहे, ते हे छोटे मीटर दाखवते. चॅनेल १, २० आणि ४० वर मोजावे. आकडा दीडच्या आत असेल तर छान, दोनपर्यंत चालून जाते. तीनच्या वर गेला तर बोलण्याचे बटण दाबूच नये, आतला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. चॅनेल १ वर आकडा ४० पेक्षा जास्त असेल तर अँटेना आखूड आहे, ती वाढवावी. उलट असेल तर कमी करावी. हे काम मोकळ्या मैदानात, गाडीची दारे बंद करून करावे. पार्किंगच्या लोखंडी शेडखाली मोजलेला आकडा बाहेर रस्त्यावर आल्यावर बदललेला असतो.