झारेकऱ्याच्या भट्टीवरचा पारा

परभणी जिल्ह्यात सोन्याची खाण नाही. तेव्हा सोन्याच्या लहान खाणींतील पाऱ्याच्या वापराबद्दल जगभर चाललेल्या चर्चेशी आपला संबंध काय, असे कार्यकर्त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संबंध आहे. सराफ्यातील दुकाने उघडण्यापूर्वी दारापुढची माती झाडून नेणारा झारेकरी आपण पाहिला आहे. तो त्या खाणकामगाराचाच भाऊबंद.

दोघांची रीतही एकच. माती पाण्याने धुवायची, उरलेल्या जड गाळात पारा मळायचा, सोन्याचे कण धरलेला पारा फडक्यातून पिळायचा आणि राहिलेला गोळा विस्तवावर ठेवायचा. पारा उडतो, सोने मागे राहते. उडालेला पारा घरातील बायकामुलांच्या श्वासात जातो. हातांना कंप सुटतो, स्मरण मंदावते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात.

कायदा येथवर पोचत नाही. पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार २०१३ साली झाला. भारताने त्यास २०१८ साली मान्यता दिली. पण त्यातील सोन्याविषयीचे कलम खनिजातून सोने काढणाऱ्यांपुरते आहे, आणि दुकानातला केर म्हणजे खनिज नव्हे! १९४८ च्या कारखाना कायद्याने पाऱ्याच्या विषबाधेची नोंद सक्तीची केली. तो कायदाही कारखान्याच्या फाटकाशीच थांबला.

उपाय अवघड नाही. तो गोळा झाकणबंद लोखंडी भांड्यात तापवून वाफ नळीवाटे थंड केली, तर बहुतेक पारा परत हाती येतो. वाचलेल्या पाऱ्यातून भांड्याची किंमत फिटते. तरीही झारेकरी ते घेत नाही, यात त्याचे अज्ञान शोधू नये. आजच्या कणभर सोन्यावर आजची चूल पेटवणाऱ्यापाशी भांडवल कोठून येणार? नफा पेढीवर आणि विष झोपडीत, अशी ही वाटणी आहे.

नुसत्या बंदीने पारा चोरून विकला जाईल, भट्टी अधिक आतल्या खोलीत जाईल आणि हप्ता तेवढा वाढेल. म्हणून मागणी वेगळी हवी: सराफ संघटनांच्या खर्चाने वस्तीबाहेर सामाईक बंद भट्टी, ती चालविण्यास झारेकऱ्यांची सहकारी संस्था, आणि सरकारी रुग्णालयात या कुटुंबांच्या लघवीतील पाऱ्याची मोफत तपासणी.

निवेदने नंतर देता येतील. आधी परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या साथींनी आपापल्या गावात अशा भट्ट्या किती घरांत पेटतात, ते मोजावे. ज्यांची मोजदादच झालेली नाही, त्यांच्यासाठी कोणतेही सरकार तरतूद करीत नसते.