जुनी गाडी घेताना आधी सीट बघा

सोमाटणे फाट्यावरून रोज चाकण, हिंजवडी गाठणारे कितीतरी जण कंबर धरून ओपीडीत येतात. जुनी गाडी घेताना त्यांनी इंजिन, टायर, अ‍ॅव्हरेज सगळं पाहिलेलं असतं. सीट कुणीच पाहत नाही. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा बसणारे हादरे सर्वाधिक जाणवतात. दबलेला फोम आणि गेलेले शॉकअप ते थेट मणक्यापर्यंत पोचवतात. म्हणून गल्लीत एक फेरी मारून सौदा करू नका. अर्धा-पाऊण तास चालवा, तेही खराब रस्त्यावर. क्लच पूर्ण दाबताना पाठ सीटपासून सुटते का, बघा. सुटत असेल, तर ती गाडी कितीही स्वस्त मिळो, मी घेणार नाही. फोम मात्र बदलून मिळतो. पायात मुंग्या येत असतील, तर गॅरेजआधी डॉक्टरकडे या.