पिन भाडेकरूची, बोर्ड मालकाचा

नसरापूरजवळच्या बनेश्वरच्या देवळातली १६८३ सालची पोर्तुगीज घंटा काळवंडली तरी नादात उणे येत नाही. विजेच्या टॉपच्या पितळी पिनांचे तसे नसते. पावसाळ्यात नसरापूर-वेल्हे पट्ट्यात हवेतली ओल हटत नाही, पिना कळकतात आणि घरोघरी त्यांना चिंच-मीठ किंवा भांड्यांची पावडर लावली जाते. हा उपाय समईपुरता ठेवावा. खारट-आंबट ओल पिनेच्या बुडाशी शिरून बसते आणि धातूला पुन्हा खाते. पॉलिश पेपरने खरवडले तर निकेलचा मुलामाच जातो.

आधी रंग ओळखावा. हिरवट किंवा तपकिरी डाग हवेचा. टॉप बोर्डातून काढून खोडरबर आणि कोरडे फडके फिरवले की काम झाले. पिन काळी-निळसर झाली असेल, भोवतीचे प्लास्टिक पिवळे पडले असेल, तर तो डाग उष्णतेचा. सॉकेटमधल्या पट्ट्या ढिल्या पडल्या की सांध्यात रोध वाढतो. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. ढिल्या सांध्याचा रोध दशांश ओहम धरला तरी तिथे साडेसात वॉट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. आणि एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. म्हणजे घरातला पहारेकरी जागा असूनही ही आग त्याला दिसत नाही.

अशी पिन कितीही चकचकीत केली तरी त्याच सॉकेटमध्ये पुन्हा काळी होणार. तापून मऊ झालेली पट्टी पुन्हा ताठ होत नाही. नवा टॉप जळक्या सॉकेटमध्ये खोचला तर तोही जळतो. दोन्ही एकदमच बदलावे लागतात. गिझरला सॉकेट १६ अँपिअरचेच हवे, ६ च्या सॉकेटवर अॅडॉप्टर लावून भागत नाही.

अडते ते इथेच. महामार्गालगतच्या भाड्याच्या खोल्यांत टॉप भाडेकरूचा आणि बोर्ड मालकाचा. भाडेकरू पिना घासत राहतो, मालक ‘तुमचाच गिझर खराब’ म्हणून मोकळा होतो. भाडे वेळेवर मोजून घेणाऱ्याने मेन स्विच बंद करून वायरमनकडून सॉकेटही वेळेवर उघडून पाहावे. तो खर्च भाडेकरूचा नव्हे.