वाचनालयाच्या पाटीवर ‘शांतता राखा’, भांडण मात्र खुर्चीवरून

विश्लेषण

‘शांतता राखा’, ‘मोबाईल बंद ठेवा’, ‘वर्तमानपत्र फाडू नये’, ‘आत खाद्यपदार्थ आणू नयेत’. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही सार्वजनिक वाचनालयात गेलं तरी भिंतीवर अशी पाटी असतेच. अलीकडे त्या पाटीखाली हाताने लिहिलेले कागदही चिकटलेले दिसतात. ‘बॅग ठेवून जागा अडवू नये’, ‘चार्जिंगसाठी पंख्याचा प्लग काढू नये’, ‘जिन्यात घोळका करून उभे राहू नये’. छापील पाटी पेपर वाचायला येणाऱ्यांच्या काळातली आहे. खालचे कागद आजच्या गर्दीचे आहेत. वाचनालयात येणारा माणूस बदलला, नियमावली मात्र जुनीच राहिली, हे त्या एका भिंतीवरच वाचता येतं.

पोलीस भरती, तलाठी भरती, जिल्हा परिषदेची भरती किंवा राज्यसेवेची तारीख जवळ आली की ग्रामीण भागातल्या वाचनालयांवर ताण येतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक पद्धतीची झाली. आता उत्तरं लिहून सराव करावा लागतो, म्हणजे टेबल लागतं आणि सलग दोन-तीन तासांची बैठक लागते. पुण्यात खोली घेऊन राहणं ज्यांना परवडत नाही, ती पोरं गावाकडंच अभ्यास करतात. घरात एकच खोली, शेजारी टीव्ही, दुपारी लोडशेडिंग. मग उरतं ते वाचनालय. तिथल्या वागणुकीच्या नियमांवरून रोजची कुरबुर सुरू आहे आणि ती वरवर दिसते तेवढी किरकोळ नाही.

नियम कोण करतं?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे. त्याआधी १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने असा कायदा केला होता आणि देशातला तो पहिला मानला जातो. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आणि नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, म्हणजे कायद्याच्या आधीपासून लोकांनीच वाचनालयं उभी केली. आजही राज्यातली बहुतेक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं सरकार स्वतः चालवत नाही. ती नोंदणीकृत संस्था चालवतात, त्यांचं कार्यकारी मंडळ असतं आणि सरकार अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देतं.

वर्गानुसार किती पुस्तकं हवीत, किती वर्तमानपत्रं घ्यायची, रोज किती तास दार उघडं ठेवायचं, हे सरकारी नियमात ठरलेलं आहे. दप्तर तपासायला येणारे अधिकारी तेच बघतात. पण आत आलेल्याने कसं वागायचं, जागा कुणाला द्यायची, वाद झाला तर कुणी मिटवायचा, हे ठरवणं संस्थेच्या हातात असतं. अनेक ठिकाणी ते कधीच बसून ठरवलं जात नाही. शेजारच्या वाचनालयाची पाटी बघून तशीच रंगवून घेतली जाते. म्हणून सगळीकडे तीच चार वाक्यं.

काही गोष्टी मात्र संस्थेच्या मर्जीवर नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) नुसार सरकारी पैशावर पूर्ण किंवा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक जागी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणाला अडवता येत नाही. तंबाखू नियंत्रणाच्या २००३ च्या केंद्रीय कायद्यात सार्वजनिक ठिकाणांच्या व्याख्येत ग्रंथालयाचं नाव स्पष्टपणे आहे. तिथे धूम्रपान केलं तर २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, त्यानुसार सार्वजनिक इमारतीत दिव्यांगांना जाता-येता आलं पाहिजे. वाचनालय पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद आणि कठड्याला हात धरायला जागा नाही, अशा ठिकाणी ‘सर्वांना प्रवेश’ ही पाटी अर्धीच खरी ठरते.

एक खोली, तीन वाचक

मोठ्या शहरात अभ्यासिका वेगळी, बालविभाग वेगळा, वर्तमानपत्रांचा कक्ष वेगळा असतो. गावात बहुधा एकच खोली असते. सकाळी तिथे पेपर वाचायला ज्येष्ठ मंडळी येतात. बातमी वाचली की त्यावर बोलणं आलंच. कांद्याचा भाव, धरणातलं पाणी, कुणाची निवडणूक. गावातल्या माणसासाठी वाचनालय हे पाराचंच एक रूप आहे. दुपारी शाळा सुटली की लहान पोरं चित्रांची पुस्तकं बघायला येतात आणि ती गप्प बसत नाहीत, बसूही नयेत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र दिवसभर टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता हवी असते.

तिघांचाही हक्क सारखाच आहे. ‘शांतता राखा’ ही पाटी प्रत्यक्षात तिसऱ्याच्या बाजूने निकाल देते. आजोबा म्हणतात, ‘आम्ही वर्गणी भरून हे उभं केलं, आता आम्हालाच गप्प बसवतात.’ पोरं म्हणतात, ‘तुमच्या गप्पांनी आमची जाहिरात हुकते.’ दोघांचंही बरोबर आहे. नियम आवाजावर लिहिला गेला, खरा प्रश्न वेळ आणि जागा वाटून घेण्याचा होता.

सकाळचे दोन तास पेपर आणि गप्पांसाठी, शाळा सुटल्यानंतरचा एक तास मुलांसाठी आणि बाकीचा वेळ अभ्यासाचा, असं वेळापत्रक लावलं तर निम्मे वाद आपोआप मिटतात. त्याला नवीन खोली लागत नाही, अनुदानही लागत नाही. लागतो एक कागद, आणि तो सगळ्यांना विचारून लिहिलेला असला पाहिजे.

बॅगेची हजेरी

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती खुर्चीवरून. सकाळी सातला दार उघडलं की एक जण येतो, चार टेबलांवर चार बॅगा ठेवतो आणि निघून जातो. मित्र दहाला येतात. मधल्या तीन तासांत बाहेरगावाहून एसटीने आलेला पोरगा रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहतो. बॅग बाजूला सरकवली तर हमरीतुमरी, नाही सरकवली तर दिवस वाया. वाडीवस्तीवरून येणाऱ्याची गाडी संध्याकाळी ठरलेल्या वेळीच परत जाते. त्याला उशिरापर्यंत बसण्याची सोय नसते. गावातल्या गावात राहणाऱ्याला ती असते. म्हणजे बॅगेच्या रांगेत बाहेरून येणाराच मागे पडतो.

यावर ‘जागा अडवू नये’ एवढं लिहून भागत नाही, कारण अडवणं म्हणजे नेमकं काय हे त्यात सांगितलेलं नाही. चहाला गेलेला माणूस जागा अडवतो का? जेवायला गेलेला? म्हणून नियम मोजता येईल असा हवा. अर्धा तास खुर्ची रिकामी राहिली तर ती दुसऱ्याला मिळेल, जेवणाच्या सुट्टीत एक तास सूट, स्वतःची बॅग फक्त स्वतःच ठेवायची. नोंदवहीत येण्या-जाण्याची वेळ लिहिली की भांडण तोंडी राहत नाही. नियम स्पष्ट असला की ग्रंथपालाला कुणाची बाजू घ्यावी लागत नाही, तो फक्त घड्याळ दाखवतो.

मुलींसाठी नियम कुठे आहे?

पाटीवर सहसा नसतो असा एक विषय म्हणजे मुलींची बसण्याची सोय. खेड्यातल्या कितीतरी घरांत मुलीला बारावीनंतर अभ्यासासाठी बाहेर पाठवायचं की नाही, हा निर्णय एका गोष्टीवर अडकलेला असतो. ती कुठे बसते आणि तिथलं वातावरण कसं आहे? जिन्यात पोरांचा घोळका, वर जाताना टोमणा, बाथरूमला कडी नाही, एवढं घरी कळलं की वाचनालय बंद. वाचनालय बंद म्हणजे अभ्यास बंद, आणि त्यानंतर स्थळं यायला फार वेळ लागत नाही. त्या मुलीने कधीच तक्रार केलेली नसते. ती फक्त यायची थांबते आणि नोंदवहीत तिचं नाव दिसेनासं होतं.

म्हणून जिना आणि दारासमोरची जागा हीसुद्धा वाचनालयाचाच भाग आहे आणि तिथलं वागणंही नियमात आलं पाहिजे, असं थेट लिहायला हवं. काही वाचनालयं मुलींसाठी एक टेबल राखून ठेवतात. सुरुवात म्हणून ते ठीक आहे, पण राखीव टेबल कोपऱ्यात, पंख्यापासून लांब आणि संध्याकाळी दिवा नसलेलं असेल तर त्याला सोय म्हणता येत नाही. तक्रार कुणाकडे करायची हे नाव आणि हुद्द्यासह लिहिलेलं असावं. मंडळावर एखादी महिला सदस्य असेल तर तक्रारीची जबाबदारी तिच्याकडे देणं सोपं आहे. मुलीलाच ‘उशिरापर्यंत बसू नये’ असं सांगणारा नियम मात्र कुठल्याही कागदावर नको. त्रास देणारा मोकळा आणि त्रास सोसणारी घरी, असा त्याचा अर्थ होतो.

पानं फाडली जातात तेव्हा

पुस्तकांची नासधूस हा जुनाच आजार आहे. नोकरीच्या जाहिरातीचं पान ब्लेडने कापून नेणं, गाजलेल्या ठोकळ्यात उत्तरांवर पेनाने खुणा करणं, चालू घडामोडींच्या मासिकातली मधली पानं गायब करणं. नुकसान झालं तर किंमत वसूल करण्याचा नियम बहुतेक ठिकाणी आहे. पण पान कापणारा सापडत नाही, त्यामुळे दंडाचा नियम कागदावरच राहतो.

जाहिरात आली की तिची प्रत फलकावर लावणं, मागितली तर झेरॉक्स करून देणं किंवा मोबाईलवर फोटो काढू देणं, हा उपाय स्वस्त आहे. ‘मोबाईल बंद’ या नियमामुळेच कधी कधी ब्लेड बाहेर येतं. मोबाईलवर बोलणं आणि रील बघणं बंद असावं. फोटो काढायला आणि ऑनलाईन अर्ज भरायला परवानगी असावी. गावात अर्ज भरण्याची दुसरी सोय नसेल तर मोबाईलबंदीचा फटका थेट अर्जाच्या शेवटच्या तारखेला बसतो. पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढणं मात्र वेगळं, तिथे कॉपीराइट कायदा आडवा येतो, हेही पोरांना सांगायला हवं.

नियम पाळून कोण घेणार?

इथे गाडी अडते. राज्य सरकारने २०२२ च्या अखेरीस ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली. ड वर्गाच्या ग्रंथालयाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेलं. सगळी रक्कम एकट्या माणसाच्या पगारावर खर्च केली तरी महिन्याला चार हजार होतात. त्यातूनच पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि वीजबिलही भागवायचं असतं. इतक्या पैशात दार उघडणारा, झाडू मारणारा, पुस्तकं देणारा आणि नोंदी ठेवणारा माणूस एकच असतो. त्याने गावातल्याच तगड्या पोराला ‘बॅग काढ’ म्हणून सांगावं आणि मग रोज त्याच रस्त्याने घरी जावं, ही अपेक्षाच अवघड आहे.

म्हणून नियमामागे मंडळ उभं असल्याचं दिसलं पाहिजे. शिक्षेच्या पायऱ्या आधीच ठरलेल्या असाव्यात. पहिल्यांदा तोंडी समज, दुसऱ्यांदा नोंदवहीत लेखी नोंद, तिसऱ्यांदा आठ दिवस प्रवेश बंद. तो निर्णय ग्रंथपालाने एकट्याने घ्यायचा नाही, मंडळाने घ्यायचा आणि त्याआधी समोरच्याचं ऐकून घ्यायचं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दारातूनच परत पाठवलं गेलं, अशा वस्त्यांतली पोरं आज वाचनालयात येऊन बसतात. तिथे कुणा एकाच्या मर्जीवर ‘तू बाहेर हो’ म्हणण्याचा अधिकार ठेवणं धोक्याचं आहे.

सातारा जिल्ह्यातल्या भिलारमध्ये ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं. तिथे गावकऱ्यांच्या घरांत पुस्तकं ठेवलेली आहेत आणि येणारा ती बसून मोफत वाचतो. कुणाच्या ओसरीवर बसलेल्या माणसाला पाटी वाचून दाखवावी लागत नाही, घर कुणाचं आहे हे त्याला माहीत असतं. तालुक्याच्या वाचनालयात नेमकं हेच हरवलं आहे. पेपरवाल्यांना ते आपलं वाटतं, अभ्यासवाल्यांना आपलं वाटतं, पण ते दोघांचं मिळून आहे असं दोघांनाही वाटत नाही.

वार्षिक सभेत मांडता येईल

यासाठी शासन निर्णयाची वाट बघण्याची गरज नाही. प्रत्येक मान्यताप्राप्त वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा होते. अनेकदा ती चहा-बिस्किटात आणि हिशेब मंजूर करण्यात संपते. तिथे वागणुकीचे नियम विषयपत्रिकेवर घ्यावेत. अभ्यास करणारी दोन मुलं, दोन मुली, पेपर वाचणारे दोन ज्येष्ठ आणि ग्रंथपाल यांना बसवून आठ-दहा नियम लिहून घ्यावेत. प्रत्येक नियमापुढे तो का आहे, हे एका ओळीत असावं. वाचनालयाने काय द्यायचं हेही त्याच कागदावर हवं. दार उघडण्याची वेळ, पिण्याचं पाणी, चालू पंखा, कडी असलेलं स्वच्छतागृह, तक्रारीला किती दिवसांत उत्तर.

फक्त येणाऱ्यावर बंधनं घालणारी पाटी लोक वाचत नाहीत. पाणी नाही, पंखा नाही, आणि वर शिस्त हवी, असं ते हसून म्हणतात. दोन्ही बाजूंची जबाबदारी लिहिली तर ग्रंथपालालाही बोलायला तोंड राहतं. पुढच्या भरतीची जाहिरात निघेल तेव्हा वाडीवरून एसटीने येणाऱ्या पोराला खुर्ची मिळते का आणि मागच्या वर्षी यायची थांबलेली मुलगी पुन्हा नोंदवहीत दिसते का, यावरून नवी पाटी कामाची ठरली की नाही ते कळेल.